वाकडेपणाचे प्रकाशशास्त्र

सजीव पेशी जिवंत असतानाच तिच्या आत काय चालले आहे ते पाहावे, या हव्यासापोटी विज्ञानाने आजवर जे उपाय योजले त्यांत अरेषीय प्रकाशिकीचे नॅनोकण हा उपाय सर्वांत तऱ्हेवाईक मानावा लागेल. कारण या कणांवर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकला असता ते निळा किंवा हिरवा प्रकाश परत करतात, म्हणजे दिले त्याच्या दुप्पट वारंवारतेचे पदरात पडते, आणि तरीही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कोठेही मोडत नाही, कारण प्रत्येक निळ्या फोटॉनामागे दोन अवरक्त फोटॉन खर्ची पडलेले असतात. दामदुपटीच्या योजनांचा पूर्वानुभव असलेल्या कोणत्याही तालुक्यात ही माहिती प्रथम संशयानेच ऐकली जाईल, आणि तो संशय शास्त्रीय दृष्टीला धरूनच आहे.

या विद्येच्या इतिहासात जळगाव जामोदचे नाव येत नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर कडेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला हा तालुका कपाशी, तूर आणि ज्वारी पिकवतो, अक्षय्य तृतीयेला भेंडवळ गावी पीकपाण्याच्या भाकितासाठी होणाऱ्या घटमांडणीमुळे दोन दिवस वृत्तवाहिन्यांवर झळकतो, आणि उरलेले वर्ष आपण खानदेशातले जळगाव नव्हे हे परगावच्या लोकांना समजावून सांगण्यात घालवतो. तथापि अरेषीय प्रकाशिकीला लागणारा कच्चा माल एखाद्या तालुक्यात किती विपुल असू शकतो याचा अभ्यास करावयाचा झाल्यास याहून सोयीचे क्षेत्र सापडणे कठीण आहे. तो माल येथे शेताच्या बांधावर, कृषी सेवा केंद्रात, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आणि कापसाच्या गंजीत उघड्यावर पडून आहे, आणि त्याच्याकडे या दृष्टीने पाहण्याची उसंत मात्र कोणालाच मिळालेली नाही.

अरेषीय या संज्ञेचा अर्थ प्रथम स्पष्ट केला पाहिजे. सामान्य पदार्थ प्रकाशाशी रेषीय, म्हणजे चोख हिशेबी व्यवहार करतो: प्रकाश दुप्पट टाकला तर तो दुप्पट परत करतो, लाल टाकला तर लालच परत करतो, आणि त्यात पदरचे काही घालत नाही. प्रकाशलहरीबरोबर पदार्थातील इलेक्ट्रॉन मागेपुढे झुलतात, आणि लहर सौम्य असेतोवर त्यांचे झुलणे तिच्याच तालावर चालते. पण लहर अतितीव्र केली की या झुलण्यात तालाबाहेरच्या हरकती शिरतात, आणि त्यांतील पहिली हरकत मूळ वारंवारतेच्या नेमक्या दुपटीची असते. प्रयोगशाळेत हिला ‘सेकंड हार्मोनिक’ म्हणतात. हिच्या बाबतीत लेसरची तीव्रता दुप्पट केली असता उत्तर चौपट येते, म्हणून व्यवहार अरेषीय. मात्र यासाठी एक अट आहे, आणि ती नीतिशास्त्राच्या दृष्टीने फारच अवघड आहे. ज्या स्फटिकात मध्यबिंदूच्या एका बाजूच्या प्रत्येक अणूसमोर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावर तसाच अणू उभा असतो, त्या स्फटिकाला सममितीकेंद्र आहे असे म्हणतात. अशा समतोल, सरळमार्गी स्फटिकात इलेक्ट्रॉन जितके डावीकडे तितकेच उजवीकडे झुलतात, परिणामी दुपटीची हरकत परस्पर कटून जाते आणि हाती काही लागत नाही. ज्याची रचना मुळातच एका अंगाला कलती आहे, ज्यात इलेक्ट्रॉनाला एका बाजूला जाणे सोपे आणि दुसऱ्या बाजूला अवघड आहे, असा वाकडा स्फटिकच या कामाला चालतो. शाळेत सुविचाराच्या फळ्यावर जे लिहिले जाते त्याच्याशी या शास्त्राचा मेळ घालण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

वाकडेपणाची ही परीक्षा उत्तीर्ण होणारा पहिला खनिज पदार्थ म्हणजे स्वच्छ गारगोटी, अर्थात क्वार्ट्‌झ. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोट्या पाषाण झिजला की मातीत येतात, आणि वखराला अडल्या की शेतकरी त्या उचलून बांधापलीकडे फेकतो. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वर्षभरापूर्वीच जन्मलेल्या माणिक लेसरचा ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश अशाच क्वार्ट्‌झच्या स्फटिकातून जाऊ दिला, आणि दुसऱ्या बाजूला ३४७.२ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश, म्हणजे नेमकी निम्मी तरंगलांबी आणि दुप्पट वारंवारता, छायाचित्राच्या काचेवर उमटवून दाखवला. तो ठिपका इतका पुसट होता की ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात निबंध छापताना तो डाग समजून काढून टाकण्यात आला असे सांगतात. त्यामुळे अरेषीय प्रकाशिकीच्या या पायाभूत निबंधात एक ठसठशीत बाण आहे आणि तो जेथे रोखलेला आहे तेथे काहीच नाही. मंजूर झालेल्या, खर्ची पडलेल्या आणि जागेवर न दिसणाऱ्या कामाकडे बोट दाखवणारा फलक ज्या वाचकाने पाहिला असेल त्याला हे चित्र परके वाटणार नाही. फरक एवढाच की फ्रँकन यांचे काम खरोखर झालेले होते.

क्वार्ट्‌झच्या पुढची पायरी कृषी सेवा केंद्रात आहे. कपाशीला बोंडे भरण्याच्या काळात फवारले जाणारे ‘०:५२:३४’ हे विद्राव्य खत रासायनिक दृष्ट्या मोनोपोटॅशियम फॉस्फेट असते, आणि हाच पदार्थ लेसरशास्त्रात केडीपी, म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, या नावाने पूज्य आहे. लेसरची वारंवारता दुप्पट करण्यासाठी १९६० च्या दशकापासून केडीपी वापरले जाते; कॅलिफोर्नियातील नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या अजस्र लेसरसाठी त्याचे शेकडो किलो वजनाचे एकसंध स्फटिक वाढवले गेले. तेच रसायन येथे पाठीवरच्या पंपात ढवळले जाते, आणि फवारणी आटोपून पंप उपडा घातल्यावर नोझलच्या कडेला जी पांढरी खरखरीत पापडी उन्हात धरते ती नखाने खरडून भिंगाखाली धरली तर तीत सुईसारखे लांबट, चौकोनी काटछेदाचे स्फटिक दिसतात, ज्यांतील प्रत्येक स्फटिक, खताच्या दर्जाचा का असेना, अवरक्ताचे हिरवे करण्यास पात्र असतो. केडीपीचा एकच दोष असा की तो पाण्यात विरघळतो. खत म्हणून जो गुण तोच शरीरात घालावयाचा खूणकण म्हणून अवगुण, कारण पेशीत पाऊल टाकताच तो पोषणद्रव्य होऊन जाईल.

या खताचे मोठे आणि निर्दोष स्फटिक वाढवण्याची तपश्चर्या जवळच, बुलढाणा जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात झालेली आहे. तेथील भौतिकशास्त्र विभागाने केडीपी आणि झिंक थायोयुरिया सल्फेट यांच्या द्रावणात ग्लायसीनसारखी अमिनो आम्ले मिसळून स्फटिक वाढवले व त्यांची दुपटीची क्षमता मोजली. मंद बाष्पीभवन असे या पद्धतीचे नाव आहे, आणि नावाप्रमाणेच तीत घाईला स्थान नाही: संपृक्त द्रावण चंचुपात्रात गाळून घ्यावे, तोंडावर भोके पाडलेला कागद बांधावा, तापमान अंशाच्या अंशापर्यंत स्थिर राखावे आणि आठवडेच्या आठवडे त्याला कोणी हात लावणार नाही अशी व्यवस्था करावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात बाष्पीभवन मंद ठेवणे हेच एक संशोधन आहे. उर्वरित अटींपैकी सर्वांत कठीण शेवटची असावी.

स्फटिक मिळाला तरी त्याला बोलते करण्यासाठी प्रकाश तितकाच जबरदस्त लागतो. दोन फोटॉन एकाच क्षणी एकाच ठिकाणी गाठ पडून एकजुटीने शोषले जाऊ शकतात, असे या प्रक्रियेच्या चुलत भावंडाविषयी, म्हणजे द्विफोटॉन शोषणाविषयी, मारिया ग्योपर्ट-मायर यांनी ग्योटिंगेनच्या आपल्या प्रबंधात गणिताने मांडले आणि १९३१ साली ते प्रसिद्ध झाले. पण एवढी गर्दी करणारा प्रकाशच तेव्हा अस्तित्वात नसल्याने पडताळ्यासाठी तीस वर्षे वाट पाहावी लागली. (१९६३ चे नोबेल त्यांना मिळाले ते अणुगर्भाच्या कवचरचनेबद्दल, प्रबंध आपला प्रबंधाच्या जागी राहिला.) १९९० साली कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी या तत्त्वावरचा सूक्ष्मदर्शक उभा केला, आणि त्यात वापरला जाणारा फेम्टोसेकंद लेसर हा वीजपुरवठ्याच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावा असा विषय आहे. एका सेकंदाचे हजार अब्ज भाग करून त्यांतील एकाचे पुन्हा हजार तुकडे केले की एक तुकडा फेम्टोसेकंदाचा होतो. हा लेसर सेकंदाला सुमारे ८ कोटी वेळा चमकतो आणि प्रत्येक चमक १०० फेम्टोसेकंदांच्या आसपास टिकते, म्हणजे दर सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी केवळ ८ भाग तो खरोखर चालू असतो. तो वर्षभर अहोरात्र सुरू ठेवला तर प्रत्यक्ष उजेड जेमतेम सव्वाचार मिनिटांचा होईल. सरासरी कमी असल्याने पेशी भाजत नाही आणि चमकेच्या क्षणी तीव्रता प्रचंड असल्याने स्फटिक बोलू लागतो. कृषिपंपांना मिळणाऱ्या विजेचे समर्थन या युक्तिवादाने अद्याप कोणी केलेले नाही, ही समाधानाची बाब आहे. तेथे सरासरीच मोटर फिरवते.

अरेषीय प्रकाशाचे सार्वजनिक दर्शन मात्र तालुक्याला नित्याचे झाले आहे, कारण यात्रेत विकल्या जाणाऱ्या हिरव्या लेसर पेनात आणि वरातीपुढच्या डीजेच्या कित्येक हिरव्या झोतांत १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश एका चिमुकल्या स्फटिकातून जाऊन ५३२ नॅनोमीटरचा हिरवा झालेला असतो. नवरदेवाच्या फेट्यावर नाचणारा तो ठिपका १९६१ च्या बाणाने दाखवलेल्या ठिपक्याचाच वंशज आहे, आणि याला डाग समजून पुसण्याची हिंमत कोणी करत नाही.

आता नॅनोकणांच्या प्रत्यक्ष निर्मितीकडे वळावयाचे, आणि येथे खरा गोंधळ सुरू होतो. शरीरात न विरघळणारा, टिकाऊ आणि वाकडा असा पदार्थ म्हणून बेरियम टायटनेटची निवड झाली; हा परका पदार्थ नव्हे, कारण प्रत्येक मोबाइलच्या पट्टीवर जे शेकडो अतिसूक्ष्म सिरॅमिक कपॅसिटर बसवलेले असतात त्यांचे मुख्य द्रव्य तेच आहे, आणि दुरुस्तीच्या दुकानातला कारागीर चिमट्याने जो तपकिरी दाणा उचलून ‘शॉर्ट आहे’ म्हणून बाजूला टाकतो तो बहुधा याच कुळीचा असतो. दाणा फोडून नॅनोकण करता येत नाहीत असे नाही; झिर्कोनियाच्या गोळ्यांसह तासन्‌तास दळण घालण्याची पद्धत रूढ आहे. पण दळलेले कण ओबडधोबड निघतात, म्हणून अनेक जण ते द्रावणातूनच घडवणे पसंत करतात. बेरियम हायड्रॉक्साइड आणि टायटॅनियमचे एखादे संयुग पाण्यात एकत्र करून, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या जाड पोलादी पात्रात घट्ट बंद करून, दीडशे-दोनशे अंश सेल्सियसला काही तास ते एक-दोन दिवस भट्टीत ठेवले की तळाशी पांढरी भुकटी जमते. येथे पहिला विघ्नकर्ता हवा हा होय. बेरियम हायड्रॉक्साइड हवेतील कार्बन डायऑक्साइड आधाशासारखा शोषतो आणि त्याचे बेरियम कार्बोनेट होऊन द्रावणावर पांढरट साय धरते. म्हणून पाणी आधी उकळून त्यातील वायू घालवावा लागतो आणि पात्रावर वाकून फार वेळ श्वास सोडणेही हिताचे नसते. प्रयोग फसल्यामुळे संशोधकाने सोडलेला सुस्कारा पुढचा प्रयोग फसवण्यास हातभार लावतो, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे. बेरियम कार्बोनेट उंदरांच्या विषात वापरले जाई, तेव्हा पेशीत घालण्यापूर्वी भुकटी सौम्य ॲसिटिक आम्लाने, म्हणजे व्हिनेगरच्या अर्काने, धुऊन घेणे हा निव्वळ सोवळेपणा नव्हे.

धुतलेली भुकटी शुद्ध असते, बारीक असते, आणि पुष्कळदा नको तितकी सरळ असते. बेरियम टायटनेटचा वाकडेपणा त्याच्या मधल्या टायटॅनियम अणूच्या किंचित एका बाजूला सरकण्यात आहे. स्फटिक सुमारे १२० अंशांवर तापवला की हा अणू बरोबर मध्ये येऊन बसतो, सममिती प्रस्थापित होते आणि दुपटीचा उजेड मावळतो. कण फार लहान केला किंवा पाण्यातून घडवताना त्याच्या जाळीत हायड्रॉक्सिल गट अडकून राहिले तरी हाच अनर्थ खोलीच्या तापमानाला ओढवतो. हे गट घालवून वाकडेपणा परत आणण्यासाठी भुकटी नऊशे-हजार अंशांपर्यंत भाजावी लागते, आणि भाजली की कण एकमेकांना चिकटून त्यांचे खडे होतात. न भाजावे तर सुटे पण सरळ, भाजावे तर वाकडे पण गटबाजीने जखडलेले: या कोंडीवर नॅनोकणांच्या निर्मितीचे अर्धे साहित्य उभे आहे, आणि कोणत्याही सहकारी संस्थेचा अनुभवी सचिव हे साहित्य भाषांतरावाचून समजू शकेल. कोंडीला आकाराचाही जाच आहे. कणाचा उजेड त्याच्या घनफळाच्या वर्गाच्या, म्हणजेच व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असल्याने १०० नॅनोमीटरचा कण ५० चा केला की उजेड चौसष्टावा हिस्सा उरतो आणि २५ चा केला की चार हजार शहाण्णवावा. पेशीला लहान कण मानवतो आणि सूक्ष्मदर्शकाला मोठा, आणि दोघांचेही म्हणणे बरोबर असते.

एवढे करून जो कण हाती येतो त्याचे गुण मात्र थोर आहेत. पेशी रंगवण्यासाठी वापरली जाणारी दीप्तिमान रंगद्रव्ये ठरावीक चाकरी करून फिकी पडतात, आणि क्वांटम डॉट नावाचे अर्धवाहकांचे कण चालू कामात मधूनच डोळा लावतात. हार्मोनिक कण प्रकाश गिळून साठवत नसल्याने तो दमत नाही, विझत नाही, आणि कोणत्याही तरंगलांबीचा लेसर दिला तरी नेमकी तिची निम्मी करून देतो, त्यामुळे रक्त आणि पाणी ज्या अवरक्त पट्ट्यात प्रकाशाला फारसे अडवत नाहीत तो पट्टा निवडता येतो. त्याला पाण्यात सुटा ठेवण्यासाठी १९६८ पासून परिचित असलेल्या स्टोबर पद्धतीने सिलिकाचे पातळ कवच चढवतात आणि त्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे धागे जोडतात, म्हणजे बेरियमही आत बंदिस्त राहतो. शरीरातून त्याच्या निरोपाचा प्रश्न उरतो. साडेपाच नॅनोमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून लहान कणच मूत्रपिंडावाटे बाहेर पडू शकतात, त्याहून मोठे यकृत आणि प्लीहेत मुक्काम ठोकतात. खारपाणपट्ट्याचे पाणी पिऊन ज्यांच्या मूत्रपिंडांचे हाल झाले आहेत अशा गावांना या तालुक्यात तोटा नाही, तेव्हा तेथील मूत्रपिंडांकडून विज्ञानाने जादा कामाची अपेक्षा न केलेलीच बरी.

महाराष्ट्रात या विद्येच्या शेजारघरी मोठी कामे झाली आहेत. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांनी अर्धवाहक नॅनोकण आणि सिलिकाच्या कवचातील कण यांवर दीर्घकाळ संशोधन केले. तीन फोटॉन एकवटून जिवंत पेशीतील सेरोटोनिन मोजण्याच्या १९९७ च्या कॉर्नेलमधील कामातले सुदीप्त मैती पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पण विनोदाच्या अभ्यासकाला सर्वांत प्रिय व्हावा असा प्रयोग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला आहे, जेथे मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या पातीच्या काढ्यात सोन्याचे क्षार घालून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवले आणि ‘नेचर मटेरिअल्स’ने २००४ साली ते प्रसिद्ध केले. सोन्याचा स्फटिक स्वभावाने सरळ, पण त्रिकोणाच्या कोपऱ्यासमोर कोपरा नसून बाजू येत असल्याने आकारानेच तो वाकडा ठरतो. न्हाणीमागच्या सांडपाण्यावर वाढणाऱ्या गवताने हे साधले, हे कळल्यावरही चहात ते घालणाऱ्यांच्या सवयीत फरक पडलेला नाही.

बेरियम टायटनेटचे कण सजीवात घालून दाखवण्याचा मान २०१० साली कॅलिफोर्नियातील एका गटाने मिळवला, आणि त्यांचा सजीव होता झेब्रा माशाचा भ्रूण. हा मासा मूळचा भारतीय उपखंडातील ओढ्यानाल्यांचा. परदेशी गेला, पारदर्शक संततीमुळे जगभरच्या प्रयोगशाळांत कायमचा स्थिरावला, आणि मायदेशी भातखाचरात त्याला आजही कोणी विचारत नाही.

जळगाव जामोदच्या मातीत हे कण घालून पाहण्याचा विचार कोणी केला, तर त्याला एक अनपेक्षित अडचण येईल. सजीवसृष्टीही वाकडी आहे: स्नायुबंधातील कोलॅजेन (ज्याचा सुरुवातीचा अभ्यास उंदराच्या शेपटीतील कंडऱ्यांवर झाला), स्नायूंतील मायोसिन, कापसातील सेल्युलोज आणि धान्यातील पिष्टकण हे सर्व फेम्टोसेकंद लेसरखाली स्वतःचाच दुपटीचा प्रकाश देतात, आणि तो नॅनोकणांच्या प्रकाशाशी रंगाने तंतोतंत एकच असल्याने कण कोणता आणि कापूस कोणता हे ओळखू येत नाही. या उपद्रवाला पार्श्वभूमी म्हणतात. आता भेंडवळच्या शेतात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी मांडला जाणारा घट पाहावा: वर्तुळात अठरा प्रकारची धान्ये, त्यांत ज्वारी, गहू, बाजरी, तूर, हरभरा आणि तंतू चिकटलेली सरकी, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि घागरीवर पापड, वडा, भजी, करंजी व कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातील मंडळी कोणता दाणा कोठे सरकला यावरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात, आणि विवेकवादी मंडळी त्यावर आक्षेप घेतात. सूक्ष्मदर्शकाचे उत्तर या दोन्ही पक्षांना निरुपयोगी आहे, कारण पावसाविषयी तो मौन पाळेल आणि ज्वारी, गहू, सरकी यांविषयी मात्र सर्वत्र प्रकाशच प्रकाश असल्याचे कळवील. ढेकळात गारगोटीची कच असल्यास तीही चमकेल. घागरीतले पाणी अंधारात राहील, पण त्यात कण स्थिर राहणार नाहीत. पिष्टाला पाण्यात शिजवले की त्याच्या कणांतील स्फटिकी रचना मोडते आणि ते दुपटीचा प्रकाश देईनासे होते. आणि गव्हाचा चीक शिजवल्याखेरीज कुरडई होत नाही. तेव्हा बेरियम टायटनेटचे कण पुरावा देण्याच्या दर्जाने दिसावेत अशी काळीकुट्ट आणि स्थिर पार्श्वभूमी त्या सबंध मांडणीत बहुधा एकट्या कुरडईपाशीच मिळेल, आणि ती मिळवण्यासाठी संशोधकाला पहाटेपूर्वी घागरीला हात लावण्याची परवानगी भेंडवळकरांकडे मागावी लागेल.